अकरावी बाटली

वहीत लिहिलं: घाण अकरावा.
हिंगणबेटाचा गर दोन किलो, रात्रभर भिजवून.
काटोलहून आलेल्या संत्रासालींचं आंबवण.
राइस मिलमागची कोंड्याची राख, तीनदा वस्त्रगाळ.
रंग: उकळून राहिलेल्या चहाचा. वास: ठीक.

पुनाबाई मेश्राम शाळेची खिचडी रांधतात.
त्यांचा करपलेला गंज हीच माझी प्रयोगशाळा.

काथ्यावर थोडं ओतलं त्यांनी, घासलं,
थांबल्या, तळहाताकडं पाहिलं.
"फेस नाई जी मॅडम.
फेस नाई तं भांडं धुतल्यावानी वाटत नाई."

फेसाविरुद्ध माझं भाषण तयार होतं:
तो डोळ्यांसाठी असतो, तेलाला त्याची पर्वा नसते,
नालीनं बोडीवर जातो आणि काठाला पांढरा बसून राहतो.
भाषण राहिलं.
त्यांनी ताटावरून ओलं बोट ओढलं.
कर्र.
पुन्हा. कर्र.
"बोलते," म्हणाल्या, आणि दुसरं ताट घेतलं.

ताट बोलतं, असा रकाना वहीत नव्हता.
पाडला.

मग गंज पालथा घालता घालता,
मिठाचा भाव सांगावा तसं:
"माहा बाप हेच फळ कुटून डोहात टाके.
घडीभरानं मासोया उलट्या, पोटं वर, चांदीवानी.
आमी टोपल्यानं वेचू."

पेन तिथंच थांबलं.
लेबलावर 'निसर्गाचं' असं लिहायचं दोन वर्षांपासून ठरलेलं,
शेजारी एक हिरवं पान.
लाखांदूरच्या छापखान्यात ॲडव्हान्सही दिलेला.

दुपारी बोडीच्या पाण्याच्या दोन बादल्या भरल्या.
एकीत ओतलं भांड्यांचं धुवण, निघतं तसंच,
दुसरीत तेच, पण धोप्याच्या वाफ्यातून झिरपून आलेलं.
पुनाबाईंच्या लोकेशनं चार चार मुऱ्या सोडल्या
आणि अंधार पडेतो बसला, एकेकीला नाव देत.

सकाळी पहिलीत तीन उलट्या.
दुसरीत चारही तळाला, मिशा हलवत, नाराज.
लोकेशनं तिघींना पळसाच्या पानात गुंडाळलं.
त्यांतल्या एकीचं नाव मॅडम होतं.

पुनाबाई बादलीवर वाकल्या.
"म्हंजे साबन कमी, धोपा जास्त."
तसंच लिहिलं. घाण बारावा: गर पाव किलो.

छापखान्याला फोन केला:
पान राहू दे, फक्त धोप्याचं काढ,
आणि खाली जागा सोड, बरंच सांगायचंय.
तो म्हणाला,
बाटली लहान आहे, मॅडम.