जमीन हलत नाही तेव्हा

एकोणतीस वर्षं बोटीवर काढली मी.
एका हातात सुरी, दुसऱ्या हातात मासा,
धरायला तिसरा हात देवानं दिला नव्हता.
डेक कलायचा तसा मीही कलायचो,
कपातली कॉफी कधी सांडली नाही.
(एकदा सांडली. त्या दिवशी आंतोन पाण्यात गेला.)

आता विगोत, मासळीबाजारामागच्या चौकात
दगडी बाकावर बसतो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या कानातलं पाणी बिघडलंय.
कानात पाणी असतं हेच मला ठाऊक नव्हतं,
इतकी वर्षं वाटायचं, समुद्र बाहेर आहे.

समोर स्केटबोर्डवाली पोरं.
चाकांची घरघर, दगडावर फळीचा फटका,
आणि त्या दोहोंच्या मध्ये
फळी हवेत असताना पडते ती शांतता.
तेवढ्यासाठी रोज येतो म्हटलं तरी चालेल.

जुलैत बाहेरगावचे आले, यावरच पोट असणारे,
ज्यांच्या बुटांचे पैसे दुसरंच कुणी भरतं.
त्यांच्यातली एक, ओइआना लेकुओना, बिल्बाओकडची,
बारा पायऱ्यांच्या लोखंडी कठड्याला मेण चोळत होती,
तव्याला तेल पुसावं तसं, लक्ष भलतीकडेच.

पडली. वर गेली. पडली.
मी पेट्या मोजायचो तसा मोजत राहिलो,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
चौदाव्या वेळी कोपर सोलून निघालं.
तिनं ते पँटला पुसलं, फळी उलटी केली
आणि एक स्क्रू अर्धा वेढा आवळला.
शिवी नाही. क्रूस नाही.

पंधराव्या वेळी
फळी कठड्यावर आडवी टेकली, आणि ती वर,
जणू वाऱ्यानं उचलून ठेवलेली.
छे, वारा नव्हता त्या दिवशी.
गुडघे होते तिचे, दोरासारखे सैल.
आणि नजर पायांवर नव्हती,
शेवटच्या पायरीच्याही पुढे होती,
ती स्वतः अजून पोचली नव्हती तिथं.

खाली उतरली तेव्हा चाकं एकदाच वाजली.
माझ्या तोंडून जो शब्द गेला
तो पाद्र्यासमोर सांगता येणार नाही.

भाचीची जुनी फळी मागून आणली मग.
स्वयंपाकघरात, सतरंजीवर, वॉशिंग मशीन धरून उभा राहतो.
दात घासताना एका पायावर:
मंगळवारी एकोणीस सेकंद,
गुरुवारी सहा.
चौकातला ब्राइस, अकरा वर्षांचा, शिकवतो मला.
म्हणतो, काका, पायांकडे बघू नका,
ते तुम्हाला सोडून कुठं जात नाहीत.

कार्मे दारात उभी राहून बघते. हसत नाही.
तिला माहीत आहे, तोल माझा पूर्वीही जायचा,
जेवताना, मीठ कमी पडलं म्हणून,
आणि तेव्हा माझे दोन्ही कान ठणठणीत होते.
त्याचा सराव मी कधी केला नाही.
चौदा वेळा तर सोडाच, एकदाही
परत वर जाऊन पुन्हा नीट उतरलो नाही.
हे तिला सांगायचंय. अजून
मशीन धरूनच उभा आहे.

सकाळी, पोरं यायच्या आधी, चौकात जातो.
कठड्यावर तिच्या मेणाचा काळा पट्टा अजून आहे,
त्यावरून बोट फिरवतो आणि मग फळीवर चढतो.
काल सात फरश्या गेलो. मोजून सात.
आठवीला भेग होती.

बसलो तिथंच, ढोपर चोळत,
आणि सगळा चौक
हळूच डावीकडे कलला.
घाबरलो नाही.
मीही कललो.