नाव काढणे

आधी गाडी उन्हात लावायची, पाठ सूर्याकडं.
पुण्यात म्हणे केस वाळवायचं यंत्र फिरवतात स्टिकरवर,
आम्हाला सोलापूरचा एप्रिल पुरतो.
अर्ध्या तासात पत्र्याला बोट लावता येत नाही
आणि डिंक आतून सैल पडायला लागतो
तिसऱ्या पाळीतल्या माणसागत.

ब्लेड नाही.
हालकुडे शेठनी पहिल्याच दिवशी
माझ्या खिशातलं ब्लेड काढून घेतलं,
"एक ओरखडा म्हंजे तुझे तीन दिवस कापले बे."
म्हणून मी सूत वापरतो.
दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायचं, ताणायचं
आणि अक्षराच्या पाठीमागून ओढत न्यायचं,
इकडं, तिकडं, घाई न करता.
अक्षर कानापासून सुटतं. मग काना ओढला की
सगळा शब्द मागून येतो.

होटगी रोडच्या या पत्र्याच्या शेडखाली
सव्वा वर्षात मी पुष्कळ काढलं.
एका डॉक्टरचं लाल चिन्ह (शेठ म्हणाले, डॉक्टर नव्हताच तो).
काचेवरची जुळ्यांची नावं,
त्यातलं एक कुणीतरी आधीच नखानं खरवडलेलं.
ते काढताना मी काही विचारलं नाही.

मंगळवारी मरून रंगाची गाडी आली.
डिकीवर पांढऱ्यात: वेणुगोपाल टेक्सटाईल्स,
टॉवेल, नॅपकिन, बाथरोब,
खाली फोन नंबर, तो मला पाठ.
आजारी पडलो की त्याच नंबरला फोन लावायचो,
पलीकडून एकच विचारायचे, ताप किती?
चौदा वर्षं. मग माग किलोवर गेले.
शेवटच्या दिवशी मी सुताचा एक कोन
डब्याच्या पिशवीत घालून आणला. चोरी म्हणा हवं तर.
तेच सूत बोटांना गुंडाळलं होतं.

कागद जातो, डिंक राहतो.
तसाच सोडला तर धूळ धरतो,
आणि काढलेलं नाव चार दिवसांत काळ्यात उमटतं.
खोबरेल लावायचं, वीस मिनिटं थांबायचं.
घासलेटही चालतं, पण आधी कोपऱ्यात लावून बघायचं.
थिनर नाही. थिनरला डिंक आणि रंग यातला फरक कळत नाही.
मग अंगठ्यानं चोळायचं,
डिंकाच्या शेवया होतात, पांढऱ्या, मळकट,
त्या बनियनच्या फडक्यानं टिपायच्या.

नायना मागाच्या खडखडाटावर ओरडून सांगायचे
शेजारच्या मागवाल्याला, "पोरगा नाव काढणार."
घरात सगळं तेलुगूत,
एवढं एक वाक्य मराठीत.
कदाचित मराठीतच ते होतं म्हणून.

गाडी धुतली. पाणी निथळलं.
आणि डिकीवर नाव तसंच.
भोवतीचा रंग अकरा उन्हाळ्यांनी विटकरी करून टाकलेला,
अक्षरांखाली मात्र गाडी अजून शोरूममध्येच उभी.
शेठ म्हणाले, कंपाउंड मार.
मारलं. दोन तास. दंड भरून आले.
समोरून बघितलं तर काही नाही,
तिरकं बघितलं तर फोन नंबरासकट सगळं.

रविवारी मोहोळचं जोडपं आलं.
नवरा बॉनेटमध्ये डोकं घालून बसला,
बाई मागं आली. डिकीवरून हात फिरवत
'वे' वर थांबली.
"इथं काय होतं ओ?"
"कंपनीचं नाव."
"चालत नाही का ती आता?"
शेठ लांबून माझ्याकडं बघत होते.
मी म्हणालो, "ताई, गाडीला फिरून रंग मारलेला नाही.
मारला असता तर हे दिसलं असतं का?"
तिनं पुन्हा एकदा, सावकाश,
सगळ्या अक्षरांवरून हात नेला.
"ओरिजनल आहे ओ," तिनं नवऱ्याला हाक मारली.

संध्याकाळी शेठनी शंभराची नोट वर दिली.
"नाव काढलंस बे, नरसिंग," म्हणाले,
आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

कोनावर अजून बोटभर जाडीचं सूत आहे.
जपून वापरलं तर
आणखी सात-आठ गाड्या.