करंगळी

तार्तूच्या इस्पितळात तळमजल्यावरची खोली,
खिडकीपलीकडे नोव्हेंबर, दुपारीच अंधारलेला.
हेल्वे नळी जोडते, मिठाचं कोमट पाणी
हळूहळू आत सोडते आणि बावीस वर्षं
जे विचारत आली तेच विचारते:
पहिल्यांदा जाणवेल तेव्हा सांगा.

लोक सांगतात.
लाकडाच्या वखारीतले एन्देल
दीडशेवरच "हं" म्हणाले
आणि मग घाईघाईने बर्फाबद्दल बोलू लागले.

आत काय चाललंय, हेल्वेला पाठ आहे.
रिकाम्या पिशवीचं अस्तर चुण्याचुण्यांचं;
पाणी चढतं तशा चुण्या उलगडतात,
वरच्या थरातल्या छत्रीसारख्या पेशी ताणून पसरतात,
त्यांच्या अंगावरची बारीक दारं किलकिली होतात
आणि बाहेर निसटतो एक रेणू,
तोच, ज्याच्यावर अख्ख्या देहाचा रोजखर्च चालतो.
इथे मात्र ही चिल्लर खर्चायची नसते,
शेजारच्या मज्जातंतूच्या तळहातावर ठेवायची असते.
तंतूला कळतं.
मागच्या बाकावरून कुणीतरी करंगळी वर करतं:
बाई, जाऊ?
निरोप कण्यातून चढत मेंदूच्या देठापाशी जातो
आणि वरून उत्तर येतं, बहुतेक वेळा एकच:
थांब जरा.

आज लेएलो आहे. वय सव्वीस.
पावलांकडे बघत बघत चालते;
डोळे मिटले तर स्वतःचा हात कुठे आहे
हे तिला सांगता येत नाही.
दोनशे. तीनशे.
काही?
नाही.
चारशे.
आता?
तुमचं पेन टकटक वाजतंय, तेवढं ऐकू येतंय.
पाचशेवर हेल्वे स्वतःच पाणी बंद करते.
ताणानं उघडणारं एक दार
या मुलीत जन्मापासून बसवलेलंच नाही.

दर तीन तासांनी तिचं घड्याळ थरथरतं.
माझं मूत्राशय मनगटावर आहे, ती हसून म्हणते,
आणि मग, हसू तसंच ठेवून:
कसं असतं हो ते? जाणवणं?

हेल्वे सांगू पाहते.
नऊ वर्षांची होते, तालिनला गाण्याचा मेळा,
लोकरीचा टोचरा पट्ट्यापट्ट्यांचा घागरा,
मंचावर हजारो जण आणि मी तिसऱ्या रांगेत,
एकेका कडव्यागणिक गुडघे आणखी जवळ...
तिथेच अडते. शब्द सापडत नाही.
वैताग असतो गं, म्हणते शेवटी.
लेएलो मान हलवते,
न खाल्लेल्या फळाची चव ऐकावी तशी.

मुलगी कपडे चढवते, हेल्वे आकडे लिहिते,
आणि लिहितालिहिता ध्यानात येतं
की सकाळच्या कॉफीपासून तिची स्वतःची करंगळी
वरच आहे.
सात रुग्ण झाले. सात वेळा "थांब" म्हटलं.

बोळाच्या टोकाचा दिवा लावून ती आत बसते.
जा.
दाराबाहेर पावलं, जपून टाकलेली,
आणि त्यांच्याबरोबर जाणारी
घड्याळाची बारीक थरथर.