दोरीचा हात

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं
माझ्याच केसपेपरच्या पाठीवर
दोन रेघा ओढल्या.
ही कातडी, हा स्नायू.

स्नायूच्या वर बसवलं तर दुखणं कमी,
पण भोवतीनं कवच आवळायची भीती जास्त.
खाली बसवलं तर झाकून राहील,
फक्त हात ताणला
की जागचं हलेल.

काम काय करता?
कंडक्टर, म्हटलं. उदगीर डेपो.
दिवसातून दोनशेदा
हा उजवा हात घंटीच्या दोरीला.
त्याचं पेन थांबलं.

कागद घडी करून
सुट्ट्या पैशांच्या पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी नळेगावला
डाव्या हातानं दोरी ओढली.
घंटी उशिरा वाजली, तीही अर्धीच.
गौसभाईनं आरशातून पाहिलं.
काय झालं, महानंदाताई?

काही नाही.
शिकायलेय.