लादी

कॅमेरा आत आणायचा तर पिशवीत बांधून,
नाहीतर उबेत शिरताच काचेला घाम फुटतो.
जहाजावर हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
जिंतूर रोडच्या बर्फ कारखान्यातून बाहेर पडताच
बाबांचा चष्मा रोज असाच आंधळा व्हायचा.

चार महिने होतो त्या जहाजावर.
ताट घसरू नये म्हणून टेबलावर ओलं फडकं,
मग दांडीला टांगलेले,
आणि रात्र नव्हतीच.
बाराच्या ठोक्यालाही ऊन,
कुणी दिवा मालवायचा विसरून गावाला गेल्यासारखं.
बॅटऱ्या बनियनच्या आत, छातीशी.
झोपेत कूस बदलायची तीही त्यांना विचारून.

पेंग्विनच्या वस्तीचा वास आधी यायचा,
बाजारात सुकटीच्या रांगेला येतो तसा,
मग आवाज, मग ते.
एका सीलसाठी नऊ दिवस
बर्फाच्या एकाच फटीवर डोळा लावून बसलो.
तो दहाव्या दिवशी आला,
मी हातमोजा बदलत होतो तेव्हा.

शिकारी पक्ष्यानं पिलू उचललं, ते मात्र नीट मिळालं.
मधे हात घालायचा नाही, असा नियम.
सव्वा मिनिट. फोकस कुठंच हललेला नाही.
पुन्हा पाहताना
त्याचीच लाज वाटते.

परत आलो तर बाबा म्हणाले,
"दाखव की, काय करून आलास."
कारखान्याच्या चुन्याच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला.
टाकीवरच्या लाकडी फळ्यांवर मांडी घालून
खाजाभाई, दोन हमाल, वॉचमन मुंजाजी.
अमोनियाचा वास, कॉम्प्रेसरची धडधड
आणि भिंतीवर ती पांढरी दुनिया.

"समदे नवरदेवाकडचे दिसायलेत," मुंजाजी म्हणाला.
खाजाभाईंनी विचारलं,
"एवढा बर्फ. अन् गिऱ्हाईक?"

बाबा पेंग्विन पाहतच नव्हते.
"थांब. माघारी घे. त्यांच्या मागलं दाखव."
मागं एक कडा होता,
खाली निळा, वर एका पट्ट्यात दुधाळ.
उठून त्यांनी भिंतीवर बोट टेकवलं.
कडा त्यांच्या नखावर आला.
"ह्येच्यात हवा अडकलीय.
नळी तुंबली की लादीचं पोट असंच पांढरं पडतंय."

मग मी मारितबद्दल सांगितलं.
ती हीच हवा शोधत पृथ्वीच्या टोकाला आलेली,
बर्फाच्या कांड्या फडताळात रांगेनं,
एकेकीला चिठ्ठी, बारशाला आणल्यासारखी.
उरलेला एक तुकडा तिनं माझ्या पेल्यात टाकला होता.
तो चटचट फुटत राहिला.
वीस हजार वर्षांपूर्वीची हवा आहे, म्हणाली,
सावकाश पी.

बाबा काही बोलले नाहीत.
टाकीच्या मीठपाण्यात बोट बुडवून चाखलं,
ही त्यांची जुनी तपासणी.
"खारं पाणी सहजी गोठत नाही," कुणालाच उद्देशून नाही,
"त्याची लई मनधरणी करावी लागती."

दोनच्या सुमारास क्रेननं डबा वर काढला,
गुळगुळीत लादी फरशीवर सरकत आली.
पोट पांढरं.
बाबांनी टोच्यानं कोपरा फोडला,
स्टीलच्या पेल्यात टाकला, वर माठातलं पाणी,
आणि पेला माझ्या कानाशी धरला.

"ऐक.
परभणीची. परवाची."

चट.
मग बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा, चट.

कॅमेरा फळीवर, पिशवीत बांधलेला होता.
मी हात लावला नाही,
आणि या खेपेला तसा नियमही नव्हता.

बाहेर रसवंतीवाल्याचा टेम्पो हॉर्न देत होता.
"लादी पांढरी निघालीय," खाजाभाई ओरडले,
"वीस रुपये कमी दे."