निकेल

उद्यमबागेत आमचं शेड सर्वांत मागे.
फाउंड्रीची काळी वाळू उडून दारापर्यंत यायची,
आत मात्र कणभर धूळ चालत नव्हती.
शिवलीला कुंकू पुसून यायची,
गजरा सायकलच्या हँडलला.

आधी काच. धुवायची, पुन्हा धुवायची.
तिच्यावर लाखेचा पातळ थर,
मग लेसर. तो सुरू करतो मधून,
भोकाजवळून, आणि बाहेर बाहेर सरकत जातो.
कडेपर्यंत गाणं क्वचितच पोचतं.
(आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.)

मग चांदी, श्वासाइतकी.
मग निकेलचं हिरवं पाणी,
हाताला सोसेल त्याहून थोडं गरम,
त्यात रात्रपाळीभर तबकडी फिरायची
आणि दुधावर साय धरावी
तसा तिच्यावर धातू धरायचा.

पत्रा सोडवायचा ईराण्णा हुलमनीनं.
आधी नखाएवढी फट, मग दोन्ही अंगठे.
"मेल्लगे," स्वतःलाच म्हणायचा,
"मेल्लगे."
आपल्या 'हळू'पेक्षा तो शब्द जास्त हळू आहे.

लाख फाटून जायची. काचेवर काहीच उरत नसे.
तिथला खड्डा इथे टेकडी होऊन आलेला.
या पहिल्या पत्र्याला आम्ही बाप म्हणायचो.
बापावरून आई,
आईवरून पोरं,
पोरं प्रेसवर जायची, हजारो तबकड्या दाबून झिजायची.
आई कपाटात, मऊ फडक्यात.
भजन कानडी की मराठी
पत्र्याकडे बघून कळत नसे,
ऑर्डरच्या चिठ्ठीवरून कळे.

माझा बाप मोनाप्पा, समोरच्याच फाउंड्रीत मोल्डर.
डबा खाता खाता त्याला हे सगळं सांगितलं.
मिशीतली वाळू झटकत म्हणाला,
"म्हंजे आमचंच की रे.
साचा मोडल्याबिगर काय निघतंय?"

शेड बंद झालं तेव्हा
हिरवं पाणी ड्रमात भरून कुठेतरी गेलं.
ईराण्णा हुबळीला. शिवलीलाचं माहीत नाही.
मी एक नापास पोर घरी आणलं,
काठाजवळ बुडबुडा राहिलेलं.

आता ते कडोलीच्या शेतात तारेला टांगलंय.
भात पोसवलं की वाऱ्यानं फिरतं,
सात रंग फेकतं,
चिमण्या बसत नाहीत.

कुठलं गाणं आहे त्यावर, विसरलो.
उलटं आहे, एवढं नक्की.