जुना झगा

कागदगिरणी बंद झाली त्या आठवड्यात
तार्मोनं पासवर्ड आठवून पाहिला.
तिसऱ्या खेपेला जमला:
कुत्र्याचं नाव, आणि ते गेलं ते साल.

सात वर्षं. त्याचा योद्धा तिथेच,
पुलाच्या तोंडाशी, ढाल खाली,
जसा सोडला होता
रीक्काला कळा सुरू झाल्या त्या रात्री.

बाहेर बोथनियाचं आखात गोठलेलं, उणे चोवीस.
बोटं आपसूक बटणांवर गेली,
पण बटणांचे अर्थ मधल्या काळात फिरले होते.
'लाल मुंगूस' नावाच्या कुण्या पोरानं
त्याला अकरा सेकंदांत लोळवलं.
मग नऊ.
मग सहा.

तार्मो हसला, एकटाच, कॉफी सांडेपर्यंत.
मारावं तर असं,
समोर येऊन, डोक्यावर नाव मिरवत.
गिरणीकडून नुसतं पत्र आलं होतं,
खाली सहीसुद्धा छापील.

चौथ्या डावाआधी मुंगूस थबकलं.
हा झगा कुठे मिळतो?
आता नाही मिळत. एका हिवाळ्यात वाटले होते.
विकतोस?

पलीकडच्या खोलीत पोर खोकली, पुन्हा झोपली.
घे की जिंकून, त्यानं लिहिलं,
आणि पहिला वार
चुकवला.